खुर्चीत बसून लिहिणाऱ्याचं उत्तर

मळ्यातली जमिनीखालची लांब केबल मेगरने, म्हणजे इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मेगओममध्ये दाखवणाऱ्या मीटरने (जितके जास्त, तितकं चांगलं), कशी तपासावी, या माझ्या लेखावर चिकोडीकडच्या एका वाचकाने नाव न लिहिता चार वाक्यं टाकली आहेत. जशीच्या तशी देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको.

‘खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांनी शेतकऱ्याला घाबरवू नये. मेगर मारला, एक मेगओमच्या वर आला की केबल पास, लांबीचा हिशोब पुस्तकात ठेवा. शेतकऱ्याकडे मेगर असतो कुठे? आणि उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत घेतलेल्या आकड्याला अर्थ काय?’

आधी खुर्चीचं बघू. आयटीआय करून मी निपाणीत रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायच्या, दुकानात लागलो, तेव्हा दुकानात खुर्ची एकच होती आणि तीवर मालक बसत. आम्ही पोरं फरशीवर, मांडीत जळकी मोटार घेऊन. नदीकाठच्या पंपापासून टीसीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, केबल ओढताना उसाच्या पाल्याने हात चिरून घेतलेत, वेदगंगेच्या मळीत गुडघाभर चिखलात जॉइंट बांधलेत. हँडलचा मेगर फिरवताना मध्येच हात थांबला म्हणून उस्तादांच्या शिव्या खाल्ल्यात, कारण वेग सुटला की काटा खोटं सांगतो. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून बसून लिहितो. उभ्याने लिहिलं असतं तर केबलीचं इन्सुलेशन वाढलं असतं का, साहेब?

‘घाबरवू नये’ हेही मला झोंबलं. लेखात शॉक लागून कुणी गेल्याची गोष्ट एकही नाही, जाणूनबुजून टाळली. मी एवढंच म्हटलं होतं की दर वर्षी आकडे वहीत उतरवा. वही लिहायला सांगणं म्हणजे घाबरवणं असेल तर तलाठ्यालाही बंदी घाला.

बरं, लांबी. तुमचा एक मेगओम कुठून आला, माहीत आहे? नियमातून. ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट लावून जमिनीशी निदान एवढं इन्सुलेशन असावं, असा तो आकडा आहे. म्हणजे मला हिशोब पुस्तकात ठेवायला सांगताना तुम्ही स्वतः पुस्तकच उघडून बसलात, फक्त एक पान वाचून मिटलंत. ठिबकची नळी जितकी लांब, तितकी गळणारी छिद्रं जास्त, केबलीचंही तेच. शंभर मीटरला शंभर मेगओम दाखवणारी केबल हजार मीटर टाकली तर मेगर दहाच दाखवणार, आणि तरीही तिच्यात बिघाड काही नाही. उलट, घरामागच्या तीस मीटरच्या तुकड्याने दोन मेगओम दाखवले तर तुमच्या हिशोबाने तो पास, माझ्या हिशोबाने त्यात कुठेतरी पाणी शिरलंय. आकडा दोन्हीकडे एकावर आहे, पण केबलींची हालत सारखी नाही.

आणि तीन फेज एकाच चरात, एकाच मातीत, एकाच वयाचे असतात. लाल दोनशे, पिवळा एकशे ऐंशी आणि निळा चार आला, तर ‘चार म्हणजे एकाच्या वर, पास’ म्हणून पेटी बंद करणार तुम्ही? निपाणीजवळ एका मळ्यात असंच झालं होतं. तिथल्या ठेकेदाराने पास करून पैसे घेतले. मिरगाचे दोन पाऊस झाले आणि बांधावर अनवाणी पायाला मुंग्या यायला लागल्या. उकरलं तर बांधाखाली निव्वळ टेप गुंडाळलेला जॉइंट, काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळताना ओढला गेलेला. चार मेगओममधून २३० व्होल्टला मिलिअँपिअरचा दहावा भागही गळत नाही, हे मलाही कळतं. त्या दिवशी ती केबल सुरक्षितच होती. पण मेगर आजच्यासाठी मारत नाहीत, येणाऱ्या पावसाळ्यासाठी मारतात.

आपल्याकडे कर्नाटकात तर हे जास्तच पाहायला हवं. दहा एचपीपर्यंतच्या पंपाला बिल येत नाही, त्यामुळे केबल रात्रंदिवस गळत राहिली तरी खिशाला कळत नाही. बिल येत असतं तर तुम्हीच माझ्याकडे वही मागायला आला असता, पावणं.

लांब केबलीची आणखी एक गंमत पास-नापासवाल्यांच्या ध्यानात येत नाही. मेगर लावल्याबरोबर आकडा खालीच दिसतो, कारण केबल आधी चार्ज होत असते. मिनिटभर थांबलं की तो चढत जाऊन टिकतो. चढता चढता मागे यायला लागला तर समजावं, आत काहीतरी आहे. घाईत पहिल्या पाच सेकंदांचा आकडा लिहून चांगली केबल उकरायला लावणारेही मी पाहिलेत. आणि काम झाल्यावर प्रत्येक कोर, म्हणजे केबलीतली प्रत्येक तार, अर्थिंगला टेकवून रिकामी केल्याशिवाय हात लावू नये. मेगर काढला तरी लांब केबल झटका देते. हे मूळ लेखात होतं. तुम्ही तिथवर पोचला नसाल.

शेतकऱ्याकडे मेगर नसतो, हे मात्र खरं, शंभर टक्के मान्य. रिवाइंडिंगवाल्याकडे असतो. मोटार भरायला नेता तेव्हा त्याला एकदा मळ्यात घेऊन या. मोटार सुटलेलीच असते, दुसऱ्या टोकाला स्टार्टर तेवढा सोडायचा. फेज गेल्यावर मोटार बंद करणारा इलेक्ट्रॉनिक प्रिव्हेंटर जोडलेला ठेवून ५०० व्होल्ट सोडाल तर त्याचा खर्च माझ्या नावावर लावू नका.

उन्हाळ्याचा मुद्दा? पावसाळ्यात घ्या की मग, कुणी अडवलंय? आर्मर्ड केबलीला आर्मर, म्हणजे धातूचं कवच, चहूबाजूंनी असतं, आकडा त्याच्याशीच घ्यायचा, तिथे माती कोरडी का ओली याने फारसं बिघडत नाही. बोअरची फ्लॅट केबल तशीच गाडली असेल तर कोरडी माती बिघाड लपवते, पण मग तुमची अडचण मेगरची नाही, केबलीची आहे. यावर जास्त लिहीत बसत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी तीनही फेजचे आकडे, केबलीची लांबी आणि आकडे घेतल्याची वेळ लिहा, आणि जमलं तर नावही.