सतराव्या शतकातील फोडणी

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्समधील ज्या दगडी शेतघरात आम्ही भाड्याने राहतो, त्याच्या दारावरील दगडात १६८६ हे साल आणि घर बांधणाऱ्या शेतकरी जोडप्याची आद्याक्षरे कोरलेली आहेत. नवरा-बायकोची अक्षरे शेजारीशेजारी आणि आडनावाचे अक्षर दोघांच्या डोक्यावर, अशी ही तिकडची जुनी पद्धत. त्या दोघांनी थंडीचा, वाऱ्याचा आणि एकाच छपराखाली भिंतीपलीकडे बांधलेल्या गुरांचाही विचार केला होता; मोहरी-मिरचीच्या फोडणीचा तेवढा केलेला नव्हता, आणि आमच्या छळाचे मूळ तिथेच आहे.

स्वयंपाकघर मागच्या बाजूला, उतरत्या छपराच्या ठेंगण्या पडवीत आहे. खिडकी एकच; मधल्या दगडी दांड्याने तिचे दोन भाग केलेले, आणि दोन्हींच्या काचा कायमच्या बसवलेल्या. पावसाचे पाणी काचेवर ओघळू नये म्हणून बाहेरून तिच्या माथ्यावर दगडाचीच एक कोरीव पट्टी काढलेली आहे, म्हणजे बाहेरचे आत येऊ नये याची चोख व्यवस्था. आतले बाहेर कसे जावे याबद्दल मात्र मौन. आमटीला फोडणी पडली की धूर त्या काचेपर्यंत जातो, कुरणातल्या मेंढ्या पाहतो आणि माझ्या घशाकडे परततो. त्याच क्षणी छताचा धोक्याचा भोंगा किंचाळू लागतो.

भिंतीला भोक पाडून पंखा बसवावा, हा साधा विचार मी गवंड्यापुढे मांडला. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केले आणि मला बसायला सांगितले. दोन फूट जाडीची ती भिंत मुळात एक नव्हतीच: बाहेरची वेगळी, आतली वेगळी, मध्ये दगडगोट्यांचा भराव, आणि दोघींना धरून ठेवणारे काही लांबट आडवे दगड. त्यांतला एखादा हलला तर मधला भराव घरात उतरेल आणि पंख्याऐवजी दरवाजाच बसवावा लागेल. शिवाय काम चुन्यातच करायचे, कारण सिमेंटने सांधे बंद केले की भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडत नाही.

गवंड्याच्या पाठोपाठ कायदा आला. १७००पूर्वीची इमारत बऱ्याच अंशी मूळ स्वरूपात टिकून असेल, तर ती संरक्षित यादीत बहुधा असतेच. आमचे घर दुसऱ्या श्रेणीचे आहे. पण ‘दुसरी श्रेणी’ म्हणून हायसे वाटून घेण्यात अर्थ नाही, कारण संरक्षण घराच्या आतल्या भागालाही असते आणि विनापरवाना फेरफार हा फौजदारी गुन्हा ठरतो, ज्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे. (मेथीच्या आमटीपायी तुरुंगात गेलो, हे गावी कोणत्या तोंडाने सांगायचे?) पाहणीला आलेले अधिकारी अत्यंत सज्जन होते. त्यांनी भिंतीवरून मायेने हात फिरवला, माझा अर्ज हातात धरला आणि चेहऱ्यावर असे दुःख आणले की तो मी स्वतःच परत घेतला.

निघताना ते दिवाणखान्यातील दगडी कमानीच्या चुलाण्यापाशी थांबले. बैल उभा राहील एवढे ते चुलाणे आणि वर आभाळाकडे उघडे धुराडे: पीटचा (दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचा) धूर ओढण्यासाठीच घडवलेले. आता आम्ही छोटी शेगडी तिथे मांडून फोडणी करतो. धूर निमूटपणे वर जातो आणि भोंगा गप्प राहतो. भाजी चिरायची पडवीत, फोडणी द्यायची दिवाणखान्यात आणि वाढायची पुन्हा पडवीत, असा कढई घेऊन रोज प्रवास घडतो. पाहुणे सोफ्यावर बसलेले असले तर ते आपले पाय वर घेतात.