कंडन म्हणजे दळण नव्हे

‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण बाराव्या शतकाइतकी जुनी, असं ओव्यांवरच्या एका लेखात म्हटलंय आणि आधार दिलाय चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथाचा (1129). तिथे महाराष्ट्रातल्या बायका ओवी गातात हे खरं, पण शब्द आहे ‘कंडने’. कंडन म्हणजे कांडण, उखळ-मुसळाचं काम. दळणाला संस्कृतात पेषण म्हणतात. त्या उल्लेखावरून ओवीचं वय कळतं, जात्याचा किंवा म्हणीचा पुरावा मिळत नाही. शिवाय दोन्ही कामांची लय वेगळी. मुसळाचा घाव तुटक पडतो. जातं अखंड फिरतं, म्हणून सूर लांबवता येतो.

दुसरं, ओवी ज्या गावात नोंदवली तेच तिचं गाव, हे लेखातलं म्हणणंही घाईचं. गाणारी बहुधा लग्न होऊन आलेली असते, ओव्या माहेरच्या, आईकडून उचललेल्या. नोंदीत तिचं माहेर, आईचं माहेर आणि ओवी दळताना म्हणतात की हळद कांडताना, एवढं तरी हवंच. नुसता छापील पाठ असेल तर आधी कामाचे शब्द बघावेत: खुंटा, पाळी, घास आले की जातं, मुसळ आलं की उखळ. अर्थात खुंटाही पुढे कुणीतरी घातलेला असू शकतो, म्हणून दोन-तीन गावांचे पाठ शेजारी ठेवूनच बोलावं.