त्वचेचा प्रकार ओळखा आणि तिची वाट लावा

लग्नसराई सुरू झाली आहे, तेव्हा चेहऱ्याची निगा कशी राखावी याबद्दल चार शब्द सांगणं मी माझं कर्तव्य समजते. माझा अधिकार विचाराल तर मी डॉक्टर नाही, ब्युटीशियन नाही, फार्मसिस्टही नाही. म्हणजे तुम्हाला आजवर या विषयावर सल्ला दिलेल्या बहुतेकांच्या बरोबरीची आहे.

आधी आपल्या त्वचेचा प्रकार ओळखायचा. घरच्या घरी ओळखता येतो. साध्या सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, वर काही न लावता तासभर बसायचं आणि आरशात बघायचं. सगळीकडे चकाकी आली तर तेलकट, चेहरा ओढल्यासारखा झाला तर कोरडी, फक्त कपाळ, नाक आणि हनुवटी चकाकली तर मिश्र, आणि काहीच झालं नाही तर नॉर्मल. पण फुकटात कळलेल्या गोष्टीवर आपण विश्वास ठेवत नाही. म्हणून पार्लरमध्ये जावं. परवा मी गेले होते, आयब्रो करायला. फक्त आयब्रो. दोऱ्याचं टोक दातात धरलेलं असूनही त्या मुलीला माझ्या गालांबद्दल सलग बोलता येत होतं, हे कौशल्य मी मानलं. "ताई, तुमची स्किन आतून ड्राय आहे, वरून ऑइली आहे आणि सेन्सिटिव्हपण आहे. टॅन तर खूपच." म्हटलं, बाई गं, तो टॅन नाही, तो माझा रंग आहे, जन्मापासूनचा. तर म्हणते, "निघेल ताई."

निघेल!

असो. शास्त्राकडे वळू. कोरडी, तेलकट, नॉर्मल ही वाटणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ करण्याचं श्रेय हेलेना रुबिनस्टाइन या बाईंना देतात. त्या डॉक्टर नव्हत्या, क्रीम विकायच्या. गिऱ्हाइकांचे तीन प्रकार केले की डब्याही तीन प्रकारच्या खपतात, हे त्यांनी ओळखलं आणि पुढे त्या गडगंज झाल्या. डॉक्टरांची वाटणी निराळी. अमेरिकेतल्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली केलेली. उन्हात कातडी किती भाजते आणि किती काळवंडते, एवढाच तिचा प्रश्न. सुरुवातीला तिच्यात गोऱ्या कातडीचेच प्रकार होते, आपल्यासारख्यांची भर नंतर पडली. आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्या घरात मोडतो. या घरातल्या कातडीचा एक स्वभाव लक्षात ठेवा. तिला कशानेही डिवचलं, म्हणजे घासलं, भाजलं, फोडलं, सोललं, की ती डाग पाडते आणि ते डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. आता पुढचे उपाय वाचा, म्हणजे सगळे डिवचण्याचेच का आहेत ते कळेल.

तेलकट त्वचा असेल तर दिवसातून पाच-सहा वेळा अंगाच्या साबणाने खसाखसा धुवा. कातडीचा पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा (जितका कमी तितकं आंबट), पाचाच्या आसपास, साबणाचा नऊ-दहा. जिंकणार कोण ते उघड आहे. मुरूम मळामुळे येत नाहीत, तेलग्रंथींची तोंडं आतून बुजल्याने येतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. तिकडे दुर्लक्ष करून अक्रोडाच्या टरफलांचा स्क्रब घ्या आणि कढई घासायच्या जोमाने कामाला लागा. आलेला मुरूम नखाने फोडून त्यावर टूथपेस्ट लावा. तरीही गेले नाहीत तर काळजी नको, "लग्न झालं की जातात" हे औषध प्रत्येक चाळीत आणि सोसायटीत उपलब्ध आहेच.

कोरडी त्वचा: मुलतानी माती लावून भरल्या पंख्याखाली बसा, तडे जाईपर्यंत हसू नका.

मिश्र त्वचा: कपाळाला एक पॅक, गालांना दुसरा, हनुवटीला तिसरा. सीमारेषा पट्टीने आखून घ्या.

नॉर्मल त्वचा: कोणाला सांगू नका, उगाच कोणाचा तरी धंदा बुडेल.

पुरुषांची त्वचा: तिला प्रकार नसतो, कापडं धुवायचा सोडून कुठलाही साबण चालतो.

संवेदनशील त्वचा असणाऱ्यांनी मात्र फक्त नैसर्गिक वस्तू वापराव्यात. नैसर्गिक वस्तूने कधी काही होत नाही. लिंबाचंच घ्या. रस चेहऱ्याला चोळा, पीएच दोनच्या आसपास असतो, छान चुरचुरतो. चुरचुरतंय म्हणजे काम करतंय, हे आईने सांगितलेलंच आहे. मग तसंच गच्चीवर पापड वाळत घालायला जा. लिंबातली काही द्रव्यं आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजते, फोड येतात आणि तिथे तपकिरी पट्टे उमटतात. पण पट्टेही नैसर्गिकच. ज्यांना एवढ्याने समाधान होत नाही त्यांनी बिब्बा लावून बघावा. तोही झाडालाच लागतो.

सनस्क्रीन घ्यायचं तर एसपीएफ ५० घ्या, महाग घ्या आणि मटाराच्या दाण्याएवढं लावा. बाटलीवरचा आकडा मिळवताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम थापतात, म्हणजे चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरून. आपण थोडेच प्रयोगशाळेत राहतो? गुढीपाडव्याला फोडलेली ट्यूब दिवाळीपर्यंत पुरवणारी गृहिणी ती खरी गृहिणी. आणि वर तीच म्हणते, सनस्क्रीनचा काही उपयोग नसतो हो.

हल्लीच्या मुलींसाठी कोरियन पद्धत आहे. सकाळी दहा थर, रात्री दहा थर, म्हणजे चेहरा काचेसारखा दिसतो. मे महिन्यात ठाण्याहून सात पन्नासच्या लोकलमध्ये चढलात की डोंबिवलीकरांच्या खांद्याला त्यातले सहा थर लागून येतात, तो भाग वेगळा. तांदळाच्या पाण्याची बाटली मात्र जरूर मागवा. आपण कढीपत्त्याच्या कुंडीत ओततो ते धुवण घेऊ नका, त्याला पंप नसतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलींना रेटिनॉल आणून देणाऱ्या आयांचंही मला कौतुक आहे. सुरकुत्या पडायच्या आधी सुरकुत्यांवर उपाय, याला म्हणतात दूरदृष्टी.

गोल्ड फेशियल करून घ्याच. सोनं कातडीतून आत जातं. आमच्या सराफाची बोटं त्यामुळेच चोवीस कॅरेटची झाली आहेत.

आता शेवटचा आणि आपल्याकडचा सगळ्यात महत्त्वाचा प्रकार. हा रुबिनस्टाइनबाईंनाही माहीत नव्हता आणि फिट्झपॅट्रिक साहेबांनाही. प्रकाराचं नाव: सावळी, लग्न ठरलेली.

या त्वचेची निगा सगळं कुटुंब मिळून राखतं. माझ्या भाचीची राखली. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, बायोडेटात "गव्हाळ" लिहिलेली, कारण तसंच लिहायचं असतं. वैशाखातला मुहूर्त निघाला आणि तिच्या आत्याने प्रेमाने सांगितलं, "फोटोत जरा उजळ दिसायला हवी गं." पार्लरवालीने चिठ्ठीवर पेनाने एक नाव लिहून दिलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी कोणाची हे न विचारता ट्यूब काढून दिली, वर "रात्री लावा, मस्त रिझल्ट आहे" असंही सांगितलं. बघा, एकाही डॉक्टरला त्रास न देता उपचार सुरू झाले.

उपाय असा आहे. ट्यूबमध्ये तीन गोष्टी असतात. हायड्रोक्विनोन, जे कातडीचा रंग बनू देत नाही. ट्रेटिनॉइन, जे वरचा थर सोलतं. आणि मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. याच धर्तीची मूळ कृती अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी, योगायोगाने त्याच १९७५ साली मांडली. आपल्याकडे फेअर अँड लव्हलीही १९७५ सालीच आली. मोठं गुणाचं वर्ष! पुढे २०२० साली त्या क्रीमने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला, आत्याच्या डोक्यातला काढायला मात्र कोणी आलं नाही. तर ही तीन औषधांची ट्यूब आहे वांगावरची. तीसुद्धा डॉक्टरच्या नजरेखाली, ठरावीक आठवडे लावून थांबवायची. आपण ती पावडरीखाली लावायचं क्रीम म्हणून वापरायची.

पहिल्या आठवड्यात जादू होते. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा फिका आणि गुळगुळीत दिसतो, आत्या दृष्ट काढते. मग लावत राहायचं. कातडी पातळ होते. गालांवर लाल रेघांची जाळी दिसू लागते. पुळ्या येतात, लव वाढते, गॅससमोर उभं राहिलं तरी चेहरा पेटतो. घाबरून क्रीम बंद करावं तर दोन-चार दिवसांत तोंड लालबुंद होऊन सुजतं. मग कोणीतरी म्हणतं, "बघ, सोडलंस म्हणून झालं." पुन्हा लावलं की शांत होतं. पुन्हा सोडलं की पुन्हा पेटतं. दारू याहून निराळी काय असते? पण दारूच्या दुकानात निदान वय तरी विचारतात.

भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन ठेवलंय, टीएसडीएफ, स्टेरॉइडने बिघडलेला आणि स्टेरॉइडशिवाय न राहणारा चेहरा. विचार करा, किती चेहरे जळाले असतील तेव्हा नाव ठेवावं लागलं असेल. २०१८ साली सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ट्यूबवर ठळक छापलेलंही असतं. मेडिकलवाल्याला वाचता येतं. फार्मसीचं सर्टिफिकेट काचेत घालून भिंतीवर टांगलंय ना त्याने, आणि ते ज्याच्या नावाचं आहे तो माणूस मी आजवर त्या दुकानात पाहिलेला नाही.

आणि ट्यूबवर निदान नाव तरी असतं. बिननावाच्या पांढऱ्या डब्या विकल्या जातात त्यांचं काय? काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एका घरातल्या तिघी मायलेकींच्या किडन्या बिघडल्याची बातमी आली होती. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये शोध लागला तेव्हा चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा! नियमाने क्रीममध्ये तो दहा लाखांत एक भागाच्या वरसुद्धा असायला नको, आणि तोही चुकून आलेला. गोरं व्हायला निघाल्या आणि नेफ्रोलॉजिस्टच्या रांगेत बसल्या. "आमच्याकडची क्रीम आयुर्वेदिक आहे" असं सांगणाऱ्या बायांनो, डबीवर आत काय आहे ते छापायला तुमचा हात कोण धरतो?

बास झाला सल्ला. मला हसत लिहायला जमत नाहीये.

माझ्या भाचीच्या, त्या पोरीच्या रंगाला काहीही झालेलं नव्हतं. तिला ना मुरूम होते, ना वांग, ना खाज. एक धडधाकट चेहरा होता आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला आजार केलात. आत्याबाई, तुम्ही स्वतः सावळ्या आहात, तुमचं लग्न झालं, संसार झाला, नातवंडं झाली, मग हिच्या वेळी काय खुपलं? मुलाकडच्यांनो, साखरपुड्याच्या फोटोंवर "मुलगी जरा डार्क येतेय" म्हणताना आपला चिरंजीव कुठल्या चांदण्यात न्हाऊन आला होता ते एकदा पाहून घ्या. पार्लरवाल्या ताई, तुम्ही भुवया सुरेख करता, तेवढंच करा. तुमच्या हातात दोरा शोभतो, औषधाची चिठ्ठी नाही. आणि मेडिकलवाले दादा, तुमच्या मुलीला लावाल का हो ती ट्यूब? मी विचारलं तेव्हा तुम्ही मोबाइलमध्ये बघितलंत.

आणि तुम्ही, हे वाचणारे. तुमच्याही बाथरूमच्या फळीवर एखादी ट्यूब असेल. आत्ता उठा आणि मागचं बारीक वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं काही दिसलं आणि डॉक्टरने लिहून दिलेलं नसेल, तर मैत्रिणीला देऊ नका, बहिणीला देऊ नका. बरेच दिवस लावत असाल तर तडकाफडकी बंद करण्याचं शौर्यही करू नका. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पदवी बघून जा, "स्किन क्लिनिक" पाटी बघून नको. ते कसं सोडायचं ते सांगतील. वेळ लागेल, महिने लागतील. त्या काळात शेजारणीने सांगितलेलं कोरफड, बेसन, साय, मसूरडाळ यातलं काहीही लावू नका.

भाचीच्या डॉक्टरांनी चेहऱ्याला काहीही लावायला मनाई केली आहे. तर आता घरात नवा खल चालू आहे, हळदीचं काय करायचं? "नुसतं बोट टेकवायचं, शकुनापुरतं." नाही. बोटसुद्धा नाही. हाताला लावा, पायाला लावा, नवऱ्यामुलाला काय आंघोळ घालायची ती घाला, पण तिच्या तोंडाकडे जो हात जाईल तो मी सगळ्यांसमोर धरणार आहे. मग रुसायचं असेल त्यांनी खुशाल रुसावं, जेवण पॅक करून देईन.