मांडव उतरवायचा कसा, ते आधी ठरवा

गेल्या हिवाळ्यात एका कला महोत्सवात स्वयंसेवक होते. शेवटच्या रात्री सनबोर्डचं दहा फुटी फुलपाखरू आम्ही चौघांनी पहारीनं तोडलं. प्लायवर डिंक आणि खिळे मारून ते इतकं पक्कं बसवलेलं की एकही तुकडा धड निघेना. फ्लेक्स, प्लाय, रंगवलेला फोम असा दोन टेम्पो भरून माल कचऱ्यात गेला. आठवडाभर ज्या पोरांनी जागून ते रंगवलं, ती तिथंच उभी होती. फार वाईट वाटलं.

त्याच वेळी शेजारी मांडववाल्यांची माणसं आपला मांडव उतरवत होती. एकानं काथ्याच्या गाठीचं टोक ओढलं, गाठ सुटली. दोरी तळवा आणि कोपराभोवती गुंडाळली, वेटोळं खांद्यावर टाकलं, पुढचा बांबू. बघता बघता सगळं गाडीत चढलं. तेच बांबू, तेच कापड दोन दिवसांनी कुठल्यातरी लग्नात.

म्हणजे कचरा न करता बांधायची आपली पद्धत आधीपासूनच आहे. मांडववाल्याचं गोदाम हीच ती पद्धत. कचरा होतो तो त्यावर आपण ‘डिझाइन’ म्हणून जे चिकटवतो त्याचा.

मुंबईचा काळा घोडा महोत्सव नऊ दिवसांचा असतो. नऊ दिवसांसाठी उभं करायची गोष्ट कायमची असल्यासारखी का चिकटवायची? माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या बैठकीत उभारणीच्या आधी उतरवणीचं चित्र काढा. प्रत्येक वस्तूपुढे लिहा, दहाव्या दिवशी ही कुणाच्या घरी जाणार. उत्तर नसेल तर ती वस्तू नको.

यानं सौंदर्य कमी होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी २०१६ चा मेलबर्नचा एम-पॅव्हिलियन हा मंडप बघावा. स्टुडिओ मुंबईचे वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांनी तो बागेत एका मोसमापुरता उभारला होता. सुमारे सात किलोमीटर बांबू आणि दोरानं बांधलेले सांधे. छपराचे तट्टे कारवी या झुडपाच्या काड्यांचे, आपल्याकडच्या कारागिरांनी महिनोन्महिने विणलेले. आपली सह्याद्रीतली कारवी! सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि वाळते, तिच्या काड्यांचे कुड, म्हणजे भिंती, घालून, शेणमातीनं लिंपून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घरं उभी राहिली. मोसम संपल्यावर तो मांडव मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात नेला. सुटा होत होता म्हणूनच जाऊ शकला.

दुसरी गोष्ट खेळाची. महोत्सवात आपण बघण्यासारखं खूप ठेवतो, पण बसायला, लोंबकळायला, पाय हलवायला जागा देत नाही. आमच्याकडे मंडपाच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक आडवा बांबू बांधलेला होता, नुसता आधाराला. दिवसभर त्याच्यावर पोरं तोल सांभाळत चालत होती, आणि संध्याकाळी त्यांच्या आज्या त्यावर टेकून गप्पा मारत होत्या. सगळ्या मैदानात सर्वांत भरलेली जागा ती. कुणी आराखड्यात काढलीच नव्हती. यंदा ती मुद्दाम काढू या. वेगवेगळ्या उंचीचे आडवे बांबू, नागपंचमीसारखे दोराचे झोके, खाली जुन्या साड्यांच्या गोधड्या, वर दुपारचं ऊन गाळणारे तट्टे.

झोक्याच्या खांबाला तिरके टेके हवेतच, आणि गाठ अनुभवी मांडववाल्यानंच मारावी. वाळलेला बांबू आणि कापड झटकन पेट घेतात, म्हणून वायरिंग मांडवापासून लांब आणि बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या. यात तडजोड नको. मांडववाल्याला कंत्राटदार म्हणून शेवटी बोलवू नका, पहिल्या दिवशी चित्र काढायला शेजारी बसवा. त्याच्या हाताला जे कळतं ते आपल्या कॉम्प्युटरला कळत नाही.

मुळशी, भोर, जव्हारकडे कारवीचा कुड अजून घालणारं कुणी माहीत असेल तर कृपया कळवा. दिवाळीनंतर त्यांच्याकडे जाऊन दोन दिवस बसायचं आहे, विणायला शिकायचं आहे.