पोर्ट टॅलबटची भट्टी आणि उद्यमबागेतलं वीजबिल

मध्यंतरी माझ्या चुलतभावाचा व्हॉइस मेसेज आला. मागे ग्राइंडर चालू होता, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता. "अक्का, तुमच्या तिथं सरकारनं टाटाला ५० कोटी पौंड दिले म्हणे, भट्टी बदलायला. आम्ही इथं बँकेच्या पायऱ्या झिजवायलोय. आमच्या भट्टीला कोण देणार?"

बेळगावात उद्यमबागेत त्याची छोटी फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे. पंपाच्या बॉड्या, ट्रॅक्टरचे ब्रॅकेट, मिळेल ते जॉबचं काम. मी वेल्समध्ये स्वान्सीत राहते आणि धातू तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. पोर्ट टॅलबट इथून गाडीने वीस मिनिटं. त्याच्या प्रश्नाला मी त्या दिवशी नीट उत्तर दिलं नाही. आज देते, कारण तोच प्रश्न बेळगावच्या आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय आणि त्यावर दोन तट पडलेत. एक म्हणतो, विलायतेत मिळतं तर आम्हाला का नाही. दुसरा म्हणतो, कार्बन हे गोऱ्यांचं खूळ. दोनशे वर्षं धूर त्यांनी काढला, आता आमच्या चार भट्ट्यांवर डोळा कशाला.

आधी इथे काय झालं ते सांगते. पोर्ट टॅलबटला टाटाचा पोलाद कारखाना आहे. त्यातल्या कोळशावरच्या दोन झोतभट्ट्यांपैकी एक जुलै २०२४मध्ये आणि दुसरी त्याच वर्षी ३० सप्टेंबरला बंद झाली. त्यांच्या जागी विजेवर चालणारी, भंगार वितळवणारी आर्क फर्नेस उभी राहणार आहे. तिची क्षमता वर्षाला ३० लाख टन आणि एकूण खर्च १२५ कोटी पौंड. त्यातले ५० कोटी ब्रिटिश सरकारचे, म्हणजे आपल्या पाच हजार कोटी रुपयांच्या वर. नवी भट्टी सुरू झाली की त्या कारखान्यातलं कार्बन उत्सर्जन जवळपास ९० टक्क्यांनी घटेल, असा हिशेब आहे. हा आकडा मला मोलाचा वाटतो. हवामानाच्या प्रश्नावर नुसती भाषणं ऐकून आपण थकलोय, आणि इथे एका कारखान्यात एवढा फरक पडणार आहे.

पण त्याच सप्टेंबरात अडीच हजारांच्या आसपास माणसांचं काम जाणार हेही ठरलेलं होतं. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा नवरा तीस वर्षं त्या भट्टीवर होता. शेवटच्या पाळीहून तो घरी आला, बूट दाराबाहेर काढले आणि आत नेलेच नाहीत. आठवडाभर ते पावसात भिजत होते. मी रोज बघत होते. कामगारांना नवं काम शिकवायला आणि गाव सावरायला १० कोटी पौंडांचा निधी ठेवलाय, ८ कोटी सरकारचे आणि २ कोटी कंपनीचे. निधी आहे हे चांगलंच. पण भट्टी आधी विझली आणि माणसांची सोय नंतर होत राहिली, हा क्रम मला अजून बोचतो.

आणखी एक गोष्ट आहे जी बेळगावात कुणी बोलत नाही. नवी भट्टी उभी होईपर्यंत इथल्या रोलिंग मिलला लागणारं पोलाद बाहेरून येतंय, त्यात कंपनीच्या भारतातल्या आणि नेदरलँड्समधल्या कारखान्यांचाही माल आहे. म्हणजे वेल्सच्या वहीतून जो धूर वजा झाला त्यातला काही भाग तूर्त दुसऱ्या देशाच्या वहीत चढलाय. म्हणून अनुदान कुठली वही बघून दिलं जातं, हे विचारायला हवं.

आता उद्यमबाग. माझे आप्पा तिथे मोल्डर होते, ओतकामाचे साचे करायचे. अनगोळातून सायकलवर जायचे. कोकवर, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशावर, चालणाऱ्या कुपोला भट्टीचा काळ तो. संध्याकाळी भट्टी फोडली की लाल लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे मोठ्या पळीत यायचं आणि ठिणग्या उडायच्या. आप्पांच्या प्रत्येक शर्टाला टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं असायची, आई उजेडाकडे धरून ती मोजायची. रात्री खोकला. त्या खोकल्याला आम्ही कधी प्रदूषण म्हटलं नाही, 'फौंड्रीचा खोकला' म्हणायचो. त्यामुळे 'गोऱ्यांचं खूळ' हे मला मान्य नाही. धूर पहिल्यांदा आमच्याच घरात आला होता.

आता बऱ्याच जणांनी कुपोला काढून विजेवरच्या इंडक्शन फर्नेस बसवल्यात. धूर दिसत नाही, शेड स्वच्छ. पण कार्बनचा हिशेब मांडून बघा. कुपोलात टनभर लोखंड वितळवायला १४० किलोच्या आसपास कोक धरला, किलोमागे ३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ४२० किलो होतात. इंडक्शनला टनामागे ६०० युनिट धरा. आपल्या देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गुणाकार केला तर पुन्हा ४२० किलोच. कोक तयार करताना होणारं उत्सर्जन वेगळं, आणि इंडक्शनमध्ये पिग आयर्नऐवजी (खनिजापासून केलेल्या कच्च्या लोखंडाऐवजी) भंगार जास्त चालतं हा खरा फायदा आहेच. आप्पांसारख्या माणसाच्या छातीसाठी तर इंडक्शन शंभर पटींनी बरी. पण नुसती भट्टी बदलून उद्यमबागेतला धूर कुडगीच्या चिमणीतून बाहेर पडतो एवढंच. विजापूर जिल्ह्यातलं कुडगी, जिथे २,४०० मेगावॅटचं कोळशाचं वीजकेंद्र आहे.

मला जे म्हणायचंय ते इथे आहे. आपल्याकडे अनुदान मागायचं तर ते भट्टीसाठी मागू नका, वीजप्रकल्पातल्या वाट्यासाठी मागा.

सध्या काय मिळतं? केंद्राची 'अदिती' नावाने ओळखली जाणारी योजना जुलै २०२५मध्ये सुरू झाली. ऊर्जा वाचवणारी यंत्रं घ्यायला सूक्ष्म आणि लघुउद्योगांना कर्जाच्या व्याजात ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत. फौंड्री त्या यादीत आहे. योजनेची तरतूद सगळ्या देशासाठी, सगळ्या क्षेत्रांसाठी मिळून १,००० कोटी रुपये. पोर्ट टॅलबटच्या एका कारखान्याला मिळाले त्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी. योजना वाईट नाही, माझ्या भावाला मी ती वाचायला लावली. पण व्याजातली सवलत ज्याला कर्ज मिळतं त्याच्या कामाची. एक कोटीच्या कर्जावर पहिल्या वर्षी पाच लाख वाचतील. पण कोटीचं कर्ज घ्यायला तारण कुठून आणायचं? घर आधीच गहाण आहे. बँकेने त्याला तीन वेळा कागद बदलून आणायला सांगितले, चौथ्या वेळी तो गेला नाही.

भावाची फौंड्री म्हणजे दोन क्रूसिबल (लोखंड वितळवायची भांडी) आणि चौदा माणसं. त्याच्या खर्चात कच्च्या मालाखालोखाल वीज. एकदा वितळ चालू असताना वीज गेली आणि क्रूसिबलमधलं लोखंड गोठलं. मी सुट्टीवर होते, बघायला गेले. चार पोरं ड्रिल आणि छिन्नी घेऊन दोन दिवस ते लोखंड फोडत होती, मग अस्तर नव्याने ठोकलं. त्या दोन दिवसांत भाऊ जेवला नाही. अशा माणसाला 'हरित व्हा' म्हणून सांगायला जाताना हातात काहीतरी ठोस हवं.

ठोस गोष्ट कायद्यात आहे. २००५च्या वीज नियमांनुसार काही ग्राहक एकत्र येऊन स्वतःचा वीजप्रकल्प उभारू शकतात. भांडवलात २६ टक्के वाटा त्यांचा आणि तयार झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के वापर त्यांचा असला की तो 'ग्रुप कॅप्टिव्ह' ठरतो आणि क्रॉस सबसिडीचा अधिभार (इतर ग्राहकांची वीज स्वस्त ठेवण्यासाठी घेतली जाणारी जादा रक्कम) लागत नाही. मोठे कारखाने हे सर्रास करतात. २०२२च्या नियमांनी हरित वीज थेट घेण्यासाठी लागणाऱ्या किमान वीजमागणीची मर्यादाही १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली. मग उद्यमबागेतल्या, मच्छ्यातल्या, होनग्यातल्या लहान फौंड्र्यांनी मिळून गदगच्या वाऱ्यावरची किंवा अथणीच्या उन्हावरची वीज का घेऊ नये? अडतं ते त्या २६ टक्क्यांच्या भांडवलापाशी. सरकारने अनुदान तिथे द्यावं. लहान मालकाच्या नावाने त्याचा शेअर भरावा, आणि त्याने दरवर्षी युनिटचा हिशेब दाखवावा.

शेअर काढून कारखाना उभा करणं बेळगाव जिल्ह्याला नवं नाही. संकेश्वरचा हिरण्यकेशी साखर कारखाना शेतकऱ्यांच्या भागभांडवलावरच उभा राहिला. आणि हुक्केरीत १९६९पासून ग्रामीण वीज सहकारी संस्था आहे, जी तालुक्यात वीज पुरवते. इथे वेल्समध्ये मी हे सांगते तेव्हा लोकांना नवल वाटतं, ते सहकारी विजेच्या गोष्टी आता कुठे बोलायला लागलेत.

आपल्याकडे सध्या दुसरीच चर्चा जोरात असते. चला शिनोळीला. सीमेपलीकडे चंदगड तालुक्यातली ही एमआयडीसी बेळगावहून अर्ध्या तासावर. तिथे महाराष्ट्राच्या सवलती, इथे कर्नाटकच्या. मालकाने आपला फायदा बघावा, त्यात गैर काही नाही. पण शेड पंधरा किलोमीटर पश्चिमेला सरकली म्हणून कार्बन घटत नाही, ग्रिड दोन्हीकडे तेच. दोन राज्यांनी एकमेकांचे कारखाने ओढण्यात जो पैसा घातला, त्याने एक किलो धूरही कमी होत नाही. सीमाभागातला प्रत्येक प्रश्न सीमाप्रश्नाच्या तराजूत टाकण्याची आपली सवय मला ठाऊक आहे, मी त्याच घरात वाढले. १ नोव्हेंबरला आमच्या घरी काळा दिवस पाळला जायचा. तरी हा प्रश्न त्या तराजूत बसत नाही.

भाषेचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. पोर्ट टॅलबटमध्ये बहुतेक लोक रोज इंग्रजीच बोलतात, पण २०११च्या कायद्याने वेल्श इथली अधिकृत भाषा आहे आणि सरकारी पत्रकं दोन्ही भाषांत येतात. त्यामुळे कुणाची इंग्रजी उणी झालेली नाही. माझ्या भावाच्या फौंड्रीतल्या चौदा माणसांत मराठी आहेत, कन्नड आहेत, बिहारची चौघं आहेत. भट्टी बदलली, वीज बदलली की कामाची पद्धत बदलते, आणि ती शिकवण्याची सोय त्यांना वाचता येईल अशा भाषेत हवी. अनुदानाच्या अटींतच ते लिहिलेलं असावं, आणि माणसांचं शिक्षण यंत्र बसण्याच्या आधी सुरू व्हावं. पावसात भिजणारे बूट मला उद्यमबागेत बघायचे नाहीत.

घाई का, असं भावाने विचारलं. कारण बाहेरून येणाऱ्या मालावर, तो बनवताना निघालेल्या कार्बनप्रमाणे लागणारा युरोपचा सीमेवरचा कर १ जानेवारी २०२६पासून प्रत्यक्ष लागू झालाय. पंपाच्या बॉड्या अजून थेट त्या कराच्या यादीत नाहीत, ओतीव नळ्या आणि बोल्ट आहेत. यादी वाढवण्याचा प्रस्ताव आलेला आहे. भाऊ ज्या पुण्याच्या कंपनीला माल देतो तिने आत्ताच एक तक्ता पाठवलाय: टनामागे किती युनिट, वीज कुठली, भंगार किती. भावाने तो भरून न पाठवता खणात ठेवलाय.

आणि सरकारच्या शब्दावर किती विसंबायचं तेही बघून ठेवा. अमेरिकेत मे २०२५मध्ये ऊर्जा खात्याने आधी मंजूर केलेली २४ अनुदानं, ३७० कोटी डॉलरहून जास्त रकमेची, एका दिवसात रद्द केली. यंत्रासाठी मिळणारं अनुदान असं हवेत जाऊ शकतं. वीजप्रकल्पातला शेअर एकदा नावावर चढला की तो काढून घेणं सोपं नसतं.

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अक्का, आधी गल्लीतल्या सगळ्यांची बारा महिन्यांची बिलं गोळा करतो. किती युनिट होतात ते तरी कळू दे." सात मालक आहेत त्या गल्लीत. चौघांनी बिलं दिली. दोघं म्हणाले, गणपतीनंतर बघू. सातव्याने दार उघडून आत बोलावलं, चहा दिला आणि विचारलं, हे इन्कम टॅक्ससाठी तर नाही ना? भाऊ आज पुन्हा त्याच्याकडे जाणार आहे, पुण्याहून आलेला तो तक्ता बरोबर घेऊन.