तशल्हीत ही ‘बिघडलेली अरबी’ नव्हे

मोरोक्कोच्या नैर्ऋत्येला सूस नदीचं खोरं, पश्चिमेकडचा हाय ॲटलस आणि अँटी-ॲटलसचे डोंगर आहेत. अगादीर, तिझनीत, तारुदान्त ही तिथली शहरं. या भागात बोलली जाते ती तशल्हीत. इंग्रजी पुस्तकांत तिला ‘शिल्हा’ किंवा सरळ ‘बर्बर’ म्हणतात, बोलणारे मात्र स्वतःला अमाझीग म्हणवतात; तशल्हीत ही अमाझीग भाषांपैकी एक. मोरोक्कोच्या २०२४च्या जनगणनेनुसार देशातले १४.२ टक्के लोक ती बोलतात, म्हणजे पन्नास लाखांहून अधिक माणसं.

या भाषेबद्दल एक दावा फार फिरतो, आणि तो चार कलमांत येतो. ही मुळात अरबीच, डोंगरात राहून बिघडलेली. तिच्यात स्वरच नाहीत, नुसती व्यंजनांची खडखड. ती कधी लिहिली गेली नाही. आणि ‘वेगळी भाषा’ ही कल्पना फ्रेंचांनी राज्य करण्यासाठी रुजवली. चारही कलमं चुकीची आहेत. दुसऱ्या आणि चौथ्याच्या तळाशी थोडं तथ्य आहे, म्हणून ती दोन जास्त पसरतात.

‘मुळात अरबीच’

अरबी सातव्या शतकात उत्तर आफ्रिकेत आली. आजच्या ट्युनिशियातल्या दुग्गा इथे मासिनिसा राजाच्या स्मारकाचा एक द्विभाषिक शिलालेख सापडला आहे. एक भाषा प्युनिक, म्हणजे कार्थेजची, दुसरी लिबिक, म्हणजे अमाझीग भाषांचं प्राचीन रूप मानली जाते ती, आणि काळ इसवी सनापूर्वी १३८. त्या लिबिक मजकुरात राजासाठी ‘ग्-ल्-द्’ ही अक्षरं आहेत. तशल्हीतमध्ये राजाला आजही ‘अग्लिद’ म्हणतात. जी भाषा यायला अजून आठ शतकं होती, तिची बिघडलेली बोली तिच्याआधीच दगडावर कोरलेली कशी असेल?

कुळाचं म्हणाल, तर अमाझीग भाषा आफ्रो-आशियाई कुळातली एक स्वतंत्र शाखा आहे. अरबी आणि हिब्रू सेमिटिक शाखेत येतात, प्राचीन इजिप्शियन वेगळ्या शाखेत. म्हणजे नातं आहे, पण फार दूरचं, आणि आईलेकीचं तर मुळीच नाही. गोव्यात ‘कोकणी ही मराठीची बोली’ हा वाद अनेक वर्षं चालला. १९७५ साली साहित्य अकादमीनं आणि १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीनं कोकणीला स्वतंत्र स्थान दिलं. तो वाद निदान दोन अगदी जवळच्या भाषांचा होता. तशल्हीत आणि अरबीत तेवढी जवळीकसुद्धा नाही.

व्याकरण पाहिलं की हे लगेच कळतं. ‘अफुनास’ म्हणजे बैल आणि ‘तफुनास्त’ म्हणजे गाय. स्त्रीलिंगाची खूण शब्दाला दोन्ही बाजूंनी कवेत घेते, पुढे ‘त’ आणि मागेही ‘त’. क्रियापदातही तेच: ‘इस्वा’ म्हणजे तो प्यायला, ‘तस्वा’ ती प्यायली, ‘तस्वित’ तू प्यायलास. ‘पुरुष’ म्हणजे ‘अर्गाझ’, पण ‘पुरुष पाणी प्यायला’ म्हणायचं तर ‘इस्वा उर्गाझ अमान’. क्रियापदामागे कर्ता आला की नामाचं तोंड बदलतं, ‘अ’चा ‘उ’ होतो. विभक्ती लागताना ‘घोडा’चं ‘घोड्या’ होतं ते आपलं सामान्यरूप ज्यांनी शाळेत गिरवलंय, त्यांना हे पटकन उमजेल. फरक एवढाच की आपल्याकडे बदल शेपटाशी होतो. अरबीत नामाच्या सुरुवातीला असं काही होत नाही.

अरबी शब्द तशल्हीतमध्ये भरपूर आहेत, हे नाकारायचं कारण नाही. बाजार, धर्म, कोर्टकचेरी यांतले शब्द तर ढिगानं. पण अर्ज, हुकूम, किल्ला, वकील, तारीख, जिल्हा हे शब्द वापरणाऱ्या मराठीला कोणी अरबीची बोली म्हणत नाही. आपल्या ‘खजिना’त जो अरबी धातू आहे तोच तशल्हीतनंही घेतला आणि त्याला आपल्या व्याकरणाचा साज चढवला: ‘त्ख्झ्न्त्’, म्हणजे ‘तू साठवलंस’. शब्दाच्या दोन्ही टोकांचे ‘त’ सूसचे आहेत.

देवघेव उलट्या दिशेनंही झाली, आणि ते सांगायला लोक विसरतात. मोरोक्कोच्या बोली अरबीत सुतारकामाला ‘तनज्जार्त’ म्हणतात. मधला ‘नज्जार’ (सुतार) अरबी, भोवतीचं ‘त...त’ अमाझीग. किल्लीसाठी तिथले अरबीभाषक ‘सारूत’ म्हणतात, तोही अमाझीग शब्द. मोरोक्कन अरबीतले ऱ्हस्व स्वर मोठ्या प्रमाणात गळून पडले आहेत, आणि त्यामागे अमाझीग भाषांचा शेजार आहे असं अनेक अभ्यासक मानतात.

‘स्वरच नाहीत’

स्वर आहेत: अ, इ, उ. तीनच, पण आहेत. वर दिलेली ‘अफुनास’, ‘उर्गाझ’, ‘अमान’ ही उदाहरणं पुरेशी बोलकी आहेत.

खरी गोष्ट या अफवेपेक्षा कितीतरी सुंदर आहे. या भाषेत काही शब्द असे आहेत की त्यांत एकही स्वर नाही, आणि तरीही त्यांना अक्षरं आहेत, वजन आहे, चाल आहे. ‘त्फ्त्क्त्’ म्हणजे ‘तुझा सांधा लचकला’. ‘त्क्क्स्त्स्त्त्’ म्हणजे ‘तू ती काढलीस’. या दुसऱ्या शब्दात स्वर तर नाहीच, कंठातल्या तारा कंप पावतील असा घोष वर्णसुद्धा नाही.

फ्रान्स्वा देल आणि मोहम्मद अल-मद्लावी यांनी १९८५ साली याचा नियम मांडला. मद्लावी स्वतः इम्द्लावन खोऱ्यातले, म्हणजे आपल्याच मातृभाषेबद्दल लिहीत होते. नियम थोडक्यात असा: प्रत्येक अक्षराला एक शिखर हवं, आणि जवळपास जो वर्ण सर्वांत निनादी असेल तो शिखर होतो. पहिला मान ‘अ’चा, मग इ-उ, मग र-ल, मग न-म, त्यानंतर फ, स, श असे घर्षक वर्ण, आणि कोणीच नसेल तर ‘क’ किंवा ‘त’सुद्धा. म्हणून ‘त्फ्त्क्त्’ची फोड त्फ् + त्क्त् अशी दोन अक्षरांची होते: पहिल्यात ‘फ’ शिखरावर, दुसऱ्यात ‘क’. पुढे १९९०च्या दशकात ध्वनिव्यवस्थेचा एक मोठा सिद्धान्त उभा राहिला, त्याची पायाभूत उदाहरणं याच भाषेतून घेतली गेली.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. संस्कृतच्या वर्णमालेत ऋ आणि ऌ स्वरांमध्ये बसवले आहेत, कारण ‘कृत’ किंवा ‘कॢप्त’ या शब्दांत र आणि ल हेच अक्षराचं शिखर होते. प्राचीन वैयाकरणांच्या कानाला हे नेमकं कळलं होतं. मराठीत आपण ‘रु’ म्हणून तिथे उकार घातला, एवढंच. संस्कृत र-ल पाशी थांबली, तशल्हीत त्याच वाटेनं पार क-त पर्यंत गेली.

यावर एक गंभीर आक्षेपही घेतला गेला. ऑक्सफर्डचे जॉन कोलमन यांचं म्हणणं होतं की या व्यंजनांच्या मधे खरं तर निसटते, अर्धवट स्वर असतात. घोष व्यंजनांच्या शेजारी असा पुसट आवाज ऐकू येतो, हे बरोबर आहे. पण रशीद रिदुआन या तशल्हीतभाषक ध्वनिशास्त्रज्ञांनी ‘त्क्क्स्त्स्त्त्’सारखे शब्द उच्चारताना कंठात काय घडतं ते सूक्ष्म कॅमेऱ्यानं टिपलं. कंठद्वार संपूर्ण शब्दभर उघडं. स्वराला जागाच नाही.

माझ्या लेखी याहून भक्कम पुरावा कवितेचा आहे. सूसचे ‘र्वायेस’, म्हणजे रिबाब नावाच्या एकतारी वाद्यावर गाणारे व्यावसायिक गायक-कवी, वृत्तात रचना करतात. १९३०च्या दशकात ज्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या ते अल-हाज बेलईद हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव. वृत्त लघु-गुरूंच्या ठरलेल्या क्रमाचं, आणि तो क्रम मनात धरायला ‘अ लाय ला लि’ अशा निरर्थक अक्षरांची लगावली. गझलेची लगावली किंवा भुजंगप्रयाताचे ‘य’ गण ज्यानं बोटांवर मोजले आहेत, त्याला या कवींचं काम सांगावं लागणार नाही. आता पाहा: या ओळींत ‘त्फ्’ एका अक्षराची जागा घेतो, ‘त्क्त्’ दुसऱ्याची, अगदी स्वर असलेल्या अक्षरासारखी. यांतले कितीतरी कवी निरक्षर होते. भाषाशास्त्रज्ञांचा सिद्धान्त त्यांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, तरी त्यांचा हिशेब चुकत नाही. नुसत्या खडखडीतून वृत्त जमत नाही.

‘घशातले सगळे आवाज अरबीतून आले’ असं याला जोडून म्हटलं जातं. घशाच्या अगदी खोलातून येणारे ‘ऐन’ आणि ‘हा’ हे वर्ण बहुतांशी उसन्या शब्दांतच दिसतात, हे खरं. पण जिभेचा मागचा भाग आत ओढून म्हटलेला जड ‘झ’, जो ‘अझ्रु’ (दगड) या शब्दात आहे, तो अस्सल अमाझीग आहे. अभिजात अरबीत तो वर्णच नाही. ओठ गोल करून म्हटलेले क आणि ग हेही तिथलेच.

‘कधी लिहिली गेली नाही’

इब्न तूनार्त यांनी ११४५ साली अरबी शब्दांचे अमाझीग अर्थ देणारा कोश केला. सोळाव्या शतकापासून तर तशल्हीत ग्रंथांची सलग परंपरा आहे, अरबी लिपीत, स्वरचिन्हं पूर्ण देऊन लिहिलेली. त्यातले अग्रणी मुहम्मद अवझाल, मृत्यू १७४९. त्यांनी इस्लामच्या मालिकी पंथाचं धर्मशास्त्र ‘अल-हौद’ या ग्रंथात तशल्हीत पद्यात उतरवलं, अरबी न येणाऱ्या आपल्या माणसांसाठी. ‘बह्र अद-दुमूअ’ हे त्यांचं दुसरं काव्य १७१४चं. शास्त्र लोकांच्या भाषेत आणण्याचा हा ध्यास ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या समाजाला वेगळा समजावून द्यावा लागू नये. आणि हे पंडित उत्तम अरबी जाणत होते. आपण बोलतो ती अरबी नव्हे, हे त्यांच्याइतकं स्वच्छ कोणाला कळलं असणार?

‘फ्रेंचांनी घडवली’

फ्रेंचांनी फूट पाडायचा प्रयत्न केला, यात शंका नाही. १६ मे १९३०च्या फर्मानानं अमाझीग प्रदेशांसाठी रूढींवर चालणारी वेगळी न्यायालयं आणली, आणि मोरोक्कोभर मशिदींतून निषेधाच्या प्रार्थना झाल्या. तो राग रास्त होता. पण फ्रेंच संरक्षित राज्य १९१२ साली सुरू झालं. अवझाल त्याआधी दीडशेहून अधिक वर्षं वारले होते.

सूसच्या माणसांनी फ्रेंचांची पालखी वाहिली, हा या आरोपातला ध्वनी मला सर्वांत जास्त खुपतो. मुख्तार अस-सूसी तशल्हीतभाषक आलिम, म्हणजे धर्मपंडित, आणि राष्ट्रवादी होते. १९३७ साली फ्रेंचांनी त्यांना त्यांच्या गावी इलिघला स्थानबद्ध केलं. सूसच्या विद्वानांचा त्यांनी लिहिलेला इतिहास वीस खंडांचा आहे, आणि तो अरबीत आहे. दोन्ही भाषा त्यांच्या होत्या, आणि त्यासाठी एकीला दुसरीची बिघडलेली सावली म्हणायची गरज त्यांना पडली नाही.

स्वातंत्र्य मिळाल्यावर याच आरोपाच्या आडोशानं ही भाषा शाळेबाहेर राहिली. १९९१ साली अगादीरच्या सनदेत अमाझीग संघटनांनी तिच्या हक्काची लेखी मागणी केली. २००१ साली राजाज्ञेनं अमाझीग संस्कृतीची राजसंस्था निघाली, २००३ साली तिफिनाग ही अमाझीगांची स्वतःची लिपी ठरून काही शाळांत वर्ग सुरू झाले, आणि २०११च्या राज्यघटनेच्या पाचव्या कलमानं अमाझीग भाषेला अरबीसोबत राजभाषा केलं. या सगळ्या काळात मोरोक्कोवर फ्रेंचांचं राज्य नव्हतं. ते १९५६ सालीच संपलं होतं.