आन्यांग, बुचॉन आणि कोरियाची दुसरी फळी

कोरियन फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे सोन ह्युंग-मिन आठवतो, फार तर २००२ चा वर्ल्ड कप. माझा जीव मात्र अडकलाय तो त्यांच्या दुसऱ्या फळीत, के लीग २ मध्ये. तिथला खेळ फार वरच्या दर्जाचा आहे असा माझा दावा नाही. पण ज्या गावाचा क्लब पळवून नेला, त्या गावाला पुन्हा उभं राहायला या लीगने जागा दिली. फुटबॉलमध्ये याहून मोठं काम मला माहीत नाही.

थोडं मागे जावं लागेल. कोरियातली व्यावसायिक लीग १९८३ साली सुरू झाली आणि बरेचसे क्लब मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे होते. एलजी, सॅमसंग, ह्युंदाई, पोस्को, युकाँग. नव्वदीच्या दशकाच्या मध्याला लीगने ठरवलं की सगळं फुटबॉल राजधानीत एकवटायला नको, म्हणून सोलमधल्या क्लबांना बाहेर पाठवलं. एलजीचा क्लब शेजारच्या आन्यांगला आला. युकाँगचा क्लब बुचॉनच्या वाट्याला आला आणि पुढे बुचॉन एसके झाला. दोन्ही शहरं सोलला खेटून असलेली, राजधानीच्या सावलीतली. आन्यांगने तर २००० साली लीग जिंकली. सुवॉन सॅमसंगशी त्यांचं हाडवैर, दोन शहरांमधल्या जीजीदे टेकडीच्या नावाने ओळखली जाणारी डर्बी, म्हणजे शेजाऱ्यांमधली लढत. पोरं त्या रंगात वाढली.

मग २००२ चा वर्ल्ड कप कोरिया-जपानमध्ये झाला. सोलमध्ये साठ हजारांहून जास्त लोक मावतील असं स्टेडियम तयार, आणि त्यात खेळायला क्लब नाही. २००४ च्या सुरुवातीला एलजीने बस्तान उचललं आणि एफसी सोल जन्माला आला. दोन वर्षांनी, २००६ च्या फेब्रुवारीत, बुचॉनचा क्लब थेट समुद्रापलीकडे जेजू बेटावर गेला. दोन्ही वेळा प्रेक्षकांना कुणी विचारलं नाही.

सोलची बाजू मला ठाऊक आहे. ते म्हणतात, क्लब मुळात सोलमध्येच होता, आम्ही घरी परतलो. कागदावर यात तथ्य आहे. पण आठ वर्षं ज्या पोराने आन्यांगच्या स्टँडमध्ये घसा फोडला, त्याला हा कागद दाखवून काय उपयोग? कोल्हापुरात पाटाकडील तालमीचा संघ उद्या कुणी उचलून दुसऱ्या शहरात नेला आणि सांगितलं, तिकडे मैदान मोठं आहे, तर पेठेतली माणसं काय करतील, एवढं डोळ्यांपुढे आणा.

आता बुचॉनच्या लोकांनी काय केलं ते बघा. हर्मिस नावाचा त्यांचा समर्थकांचा गट. क्लब गेल्यावर पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, त्यांनी स्वतःचा क्लब काढला: बुचॉन एफसी १९९५. नावातलं साल कुठल्या कंपनीचं नाही, त्यांच्या समर्थक गटाच्या सुरुवातीचं आहे. २००८ पासून हा क्लब हौशी के ३ लीगमध्ये खेळू लागला. नव्या मालकांनी क्लब ताब्यात घेतल्यावर मँचेस्टर युनायटेडच्या नाराज चाहत्यांनी काढलेला एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर आठवत असेल. २००९ मध्ये तो संघ बुचॉनला येऊन मैत्रीचा सामना खेळून गेला. पण हौशी लीगमधून वर जायला वाटच नव्हती. ती वाट २०१३ मध्ये तयार झाली, दुसरी फळी सुरू झाली तेव्हा. आठ संघ होते आणि नाव होतं के लीग चॅलेंज. के लीग २ हे नाव २०१८ पासूनचं. त्या आठांत बुचॉन होता, आणि शहराच्या पैशावर नव्याने उभा राहिलेला एफसी आन्यांगही. जांभळी जर्सी घालून, कारण आन्यांग द्राक्षांसाठी ओळखलं जायचं.

या लीगचे दोषही मी झाकणार नाही. त्याच आठांतले चुंगजू आणि गोयांग २०१६ नंतर टिकले नाहीत. पोलीस खात्यात सक्तीची सेवा करणाऱ्या खेळाडूंच्या संघाने २०१६ आणि २०१८ मध्ये लीग जिंकली आणि दोन्ही वेळा त्यांना बढती मिळाली नाही; एकदा संघाचं शहर बदलणार होतं म्हणून, दुसऱ्यांदा पोलीस खात्याने खेळाडू घेणंच बंद करायचं ठरवलं म्हणून. सैन्याचा सांगमू संघ तर कायम वर-खाली करत राहिला. सक्तीची लष्करी सेवा करणारे खेळाडू तिथे दीड-एक वर्ष खेळतात आणि आपापल्या क्लबात परततात, त्यामुळे संघ कधी कुणाचा होतच नाही. शहरांच्या तिजोरीतून चालणाऱ्या क्लबांवर टीका होते, रिकाम्या खुर्च्यांचे फोटो फिरतात. होऊ दे टीका. शहराने बागेवर, वाचनालयावर खर्च करावा तसा क्लबवरही करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्वांगजू हा असाच शहराचा क्लब. २०२२ मध्ये दुसरी फळी जिंकून वर गेला, दुसऱ्याच वर्षी पहिल्या फळीत तिसरा आला, आणि २०२४ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच सामन्यात जपानच्या योकोहामाला ७-३ ने हरवलं. तो संघ ली जुंग-ह्यो या प्रशिक्षकाने घडवला.

पण मला सांगायचंय ते आन्यांगचं. २०२२ च्या बढतीच्या लढतीत समोर कोण, तर पहिल्या फळीतली जागा टिकवायला धडपडणारा जुना वैरी सुवॉन सॅमसंग. पहिला सामना ०-०. दुसऱ्यात १-१, जादा वेळ, आणि १२० व्या मिनिटाला ओ ह्योन-ग्यूने सुवॉनसाठी गोल केला. पेनल्टी शूटआउट समोर दिसत असताना सगळं संपलं. गंमत बघा, पुढच्याच वर्षी सुवॉन तळाला राहून खाली आला. चार वेळा लीग जिंकलेला क्लब. आणि त्यांच्या प्रेक्षकांनी पाठ फिरवली नाही. दुसऱ्या फळीतही घरच्या सामन्यांना सरासरी दहा हजारांवर लोक येत राहिले. वैऱ्याचं असलं तरी हे कौतुक करावंच लागतं.

२ नोव्हेंबर २०२४ ला आन्यांगने ०-० अशी बरोबरी करून विजेतेपद पक्कं केलं आणि पहिल्यांदाच वरच्या फळीत गेले. सामना कुठे होता? बुचॉनमध्ये. क्लब गमावलेल्या एका शहराने ते दुसऱ्या तशाच शहरात मिळवलं. आन्यांगचे महापौर च्वे दे-हो यांनी बढती मिळाली तर केस जांभळे करीन असा शब्द दिला होता, आणि साठी उलटलेल्या त्या माणसाने खरंच डोकं जांभळं करून घेतलं. तो फोटो जरूर शोधून बघा.

२२ फेब्रुवारी २०२५ ला एफसी सोल आणि एफसी आन्यांग लीगमध्ये पहिल्यांदा भिडले. चाळीस हजारांवर प्रेक्षक, सोल २-१ ने जिंकला. ३१ ऑगस्टला त्याच मैदानावर आन्यांगने २-१ ने परतफेड केली. एकवीस वर्षांनी! शेवटच्या शिट्टीनंतर पाहुण्यांच्या कोपऱ्यातली जांभळी गर्दी बघताना मला, ज्याचा त्या शहराशी काडीचाही संबंध नाही, रडू आलं.

आपल्याकडे एफसी पुणे सिटी होता. बालेवाडीला लोक जायचे, केशरी रंग घालून ओरडायचे. २०१९ मध्ये क्लब बंद पडला, इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) त्याची जागा हैदराबादला गेली, आणि पुण्याच्या नावाचा संघ त्यानंतर तिथे पोचलेला नाही. त्याच्या खूप आधी, २०१० मध्ये, मुंबईचा महिंद्रा युनायटेड बंद झाला. प्रेक्षकांची दखल कुणी घेतली? पुण्यात फुटबॉलवेडी पोरं कमी आहेत असं मला कुणी सांगू नये. त्यांना गरज आहे ती खालून सुरुवात करून वरपर्यंत जाता येईल अशा खात्रीच्या वाटेची, आणि शहराच्या पाठबळाची.

बुचॉनची गोष्ट तर अजून ताजी आहे. २०१९ मध्ये जेजू खाली घसरला आणि २०२० मध्ये दुसऱ्या फळीत दोघे समोरासमोर आले. कोविडमुळे स्टँड रिकामे, आणि जेजू शेवटच्या क्षणी १-० ने जिंकला. चौदा वर्षं वाट पाहिलेला सामना हर्मिसवाल्यांना मैदानात बसून बघताही आला नाही. मग २०२५ च्या डिसेंबरमध्ये बुचॉनने बढतीच्या लढतीत सुवॉन एफसीला दोन्ही सामन्यांत हरवलं, १-० आणि ३-२, आणि हौशी लीगमधून निघालेला हा क्लब पहिल्या फळीत पोचला. त्याच आठवड्यात जेजू खाली घसरता घसरता वाचला.

म्हणजे २०२६ मध्ये सोल आणि आन्यांग, जेजू आणि बुचॉन, चौघेही एकाच फळीत. बुचॉनचा जेजूशी घरचा सामना कधी आहे ते बघून ठेवा, आणि यावेळी स्टँडकडेही लक्ष द्या.